वाऱ्याला विचारून सहल

सहल ठरवायची म्हटले की घरात कोणते प्रश्न आधी निघतात? गाडीचे आरक्षण मिळेल का, उतरायला जागा कुठे, जेवणाखाणाची सोय कशी आणि एकंदर खर्च किती. हवेचा विषय निघालाच, तर "पाऊस तर नसेल ना?" एवढ्यावर तो मिटतो. आज आपण जी सहल आखणार आहोत, तिच्यात हा क्रम अगदी उलटा आहे. पहिला प्रश्न वाऱ्याचा. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय तिकीट काढायचे नाही.

सहल आहे रामेश्वरची. काशीस जावे, तेथील गंगाजल रामेश्वरास वाहावे, ही आपल्याकडची जुनी रीत. तुमच्या घरातही कोणी ना कोणी रामेश्वरला जाऊन आले असेल. त्याच बेटावर आता काही तरुण मंडळी पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन उतरताना दिसतात. पिशवीत असतो एक पतंग आणि एक फळी. पतंग वाऱ्यावर चढवायचा, त्याच्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवायच्या, पाय फळीत रोवायचे आणि पाण्यावरून सुसाट निघायचे. ह्या खेळाला 'काइटबोर्डिंग' म्हणतात.

ह्या सहलीत मौज आहेच. पण ती आखताना भौतिकशास्त्र आणि भूगोल ह्यांची जी उजळणी होते, ती तुम्हांला कोणत्याही समुद्रकिनाऱ्यावर, अगदी तारकर्लीला किंवा हर्णैलाही, उपयोगी पडेल. एखादे वेळी ती तुमचा किंवा तुमच्या धाकट्या भावंडाचा जीवही वाचवील.

पतंगाची ओढ

पतंगाकडून काम करून घेण्याची कल्पना नवी नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जॉर्ज पोकॉक नावाच्या एका शाळामास्तरांनी १८२६ साली पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व मिळवले होते. १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी ह्यांनी पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. अडचण एकच होती. पतंग पाण्यात पडला की भिजून बसे आणि पुन्हा उठत नसे. ही अडचण फ्रान्समधील ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू ह्या दोघा भावांनी सोडवली. पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरलेली नळी बसवली, तर तो पाण्यावर तरंगतो आणि दोऱ्यांना हिसका देऊन पुन्हा उठवता येतो. १९८४ साली त्यांनी ह्या रचनेचे एकस्व घेतले. पुढे हा खेळ इतका वाढला, की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यतींचा प्रथमच समावेश झाला. त्या शर्यती मार्सेच्या समुद्रात झाल्या.

हा पतंग संक्रांतीच्या पतंगासारखा कागद आणि कामट्यांचा नसतो. तो असतो धनुष्यासारखा वाकलेला, चिवट कापडाचा, ९ ते १२ चौरस मीटर क्षेत्रफळाचा, म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढा. दोऱ्या सहसा २० ते २४ मीटर लांब असतात. आता प्रश्न असा, की तो माणसाला किती जोराने ओढतो?

सूत्र सोपे आहे:

बल = ½ × हवेची घनता × (वाऱ्याचा वेग)² × क्षेत्रफळ × एक गुणांक

हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम. पतंग १२ चौरस मीटरचा घेऊ. गुणांक पतंगाच्या आकारावर आणि तो वाऱ्याशी किती कोन करतो ह्यावर अवलंबून असतो; तो आपण ०.८ धरू. वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर असेल, तर बल येते सुमारे ३७० न्यूटन, म्हणजे ३८ किलोग्रॅमच्या वजनाएवढी ओढ. दोन्ही हातांनी ताणून धरावी लागेल अशी, पण आवाक्यातली.

आता वारा थोडा वाढू द्या. वेग ८ चा १२ झाला, म्हणजे दीडपट. ओढही दीडपट होईल, असे तुम्हांला वाटेल. पण सूत्रात वेगाचा वर्ग आहे. दीडचा वर्ग सव्वादोन. ओढ झाली ८५ किलोग्रॅमच्या वजनाएवढी! तुमच्यापैकी बहुतेकांचे वजन ह्याहून कमी आहे. वेग दुप्पट, म्हणजे १६ मीटर झाला, तर ओढ चौपट, १५० किलोग्रॅमची. शिवाय हा हिशेब एका जागी स्थिर असलेल्या पतंगाचा. पतंग आकाशात वेगाने फिरवला, की त्याला लागणारा वारा आणखी वाढतो आणि ओढही वाढते. सायकल जोरात हाणली, की वारा पडलेला असतानाही तोंडावर वारा लागतो ना, तसेच हे.

म्हणूनच खेळाडू एकच पतंग घेऊन जात नाहीत. हलक्या वाऱ्याला मोठा पतंग आणि जोराच्या वाऱ्याला लहान पतंग. आणि म्हणूनच एकसारखा वाहणारा जोराचा वारा परवडला, पण मधूनच झोत मारणारा वारा नको. झोतात वेग नुसता दीडपट झाला, तरी माणूस उचलला जातो.

रामेश्वरला जाताना वाटेत पांबनची सामुद्रधुनी लागते. तिच्यावरचा १९१४ साली सुरू झालेला जुना रेल्वेपूल आता वापरात नाही. ६ एप्रिल २०२५ पासून शेजारच्या नव्या पुलावरून गाड्या जातात. त्या जुन्या पुलावर वारा मोजणारे यंत्र होते. वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला, की गाडी थांबवली जाई. ताशी ५८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६ मीटर, आपल्या हिशेबातला चौपट ओढीचा वारा. शेकडो टन वजनाची आगगाडीसुद्धा जेथे वाऱ्याला विचारून निघे, तेथे आपण पन्नास किलोच्या माणसांनी न विचारता कसे निघावे?

वाऱ्याविरुद्ध कसे जाता येते?

पतंग तर वाऱ्याच्या दिशेनेच ओढणार. मग खेळाडू निघालेल्या जागी परत कसा येतो? ह्याचे उत्तर एका चिंचोक्यात आहे. ओला चिंचोका अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत दाबा. तुम्ही दोन बाजूंनी दाबता, पण चिंचोका सटकतो तिसऱ्याच दिशेला. येथेही तसेच घडते. पतंग एका बाजूला ओढतो. खेळाडू फळीची कड पाण्यात तिरकी रोवतो, तेव्हा पाणी फळीला दुसऱ्या बाजूने रेटते. ह्या दोन बलांचे परिणामी बल फळीच्या लांबीच्या दिशेने पडते आणि फळी त्या दिशेला सटकते. कोन नेमका साधला, तर तिरके-तिरके जात वाऱ्याच्या उगमाकडेही सरकता येते. शिडाची होडीही अशीच नागमोडी वाटेने वाऱ्याविरुद्ध जाते.

हे कौशल्य हाती यायला वेळ लागतो. नवशिका मनुष्य सुरुवातीचे बरेच दिवस वाऱ्याबरोबर वाहत खालीच जातो. हे वाक्य ध्यानात ठेवा. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

कोणत्या महिन्यात?

रामेश्वर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सव्वानऊ अंशांवर आहे. बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर, दक्षिणेला मन्नारचे आखात आणि पलीकडे श्रीलंका. येथे वर्षात दोन मोसमी वारे आळीपाळीने राज्य करतात.

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा. हाच वारा आपल्या कोकणाला झोडपून काढतो. कोकणात त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात. पण रामेश्वर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. वाऱ्यातले बाष्प पश्चिम उतारावरच रिते झालेले असते. पाऊस जवळजवळ नाही, आणि वारा मात्र भरपूर. भारताचे दक्षिण टोक आणि श्रीलंकेचे डोंगर ह्यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेतून जाताना तो आणखी वेग घेतो. त्याच मुलखात, कन्याकुमारीजवळ मुप्पंदल येथे पवनचक्क्यांचे मोठे रान उभे आहे, ते उगीच नव्हे.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा तमिळनाडूचा पावसाळा. ईशान्य मोसमी वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात. चक्रीवादळेही ह्याच काळात होतात. १९६४ च्या डिसेंबरात २२ तारखेच्या रात्री आलेल्या वादळाने बेटाच्या टोकावरचे धनुष्कोडी हे गाव पुसून टाकले. स्थानकाकडे येणारी उतारूंनी भरलेली आगगाडी लाटांनी गिळली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. त्या गावाचे भग्न अवशेष आजही वाळूत उभे आहेत. सहल आखताना ते नुसते 'पाहण्याचे ठिकाण' म्हणून पाहू नका.

जानेवारी ते मार्च ईशान्य वारा राहतो, पण पाऊस ओसरलेला असतो. एप्रिल हा संधिकाल. एक वारा गेलेला, दुसरा यायचा.

आता आपल्या सुट्ट्यांशी हे ताडून पाहा. दिवाळीची सुट्टी बाद. तेव्हा तेथे पाऊस आणि वादळाचे भय. नाताळचे दिवस काठावरचे. उरतात मेची अखेर आणि जूनचा पहिला आठवडा. नैर्ऋत्य वारा नुकता जोर धरू लागलेला असतो आणि आपल्या शाळा उघडायच्या असतात. झाले, महिना ठरला! पाहा, अजून आपण गाडीचे वेळापत्रक उघडलेलेही नाही.

एक सावधगिरी मात्र घ्या. येथे सूर्य वर्षातून दोनदा, एप्रिलच्या मध्यास आणि ऑगस्टच्या अखेरीस, भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. म्हणजे शून्य सावलीचे दिवस. मे-जूनमध्येही तो फार कलंडलेला नसतो. त्यात वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि कातडी भाजल्याचे रात्री कळते. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि भरपूर पाणी विसरू नका.

कोणता किनारा?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. बेटाचा धनुष्कोडीकडे जाणारा भाग म्हणजे वाळूची एक लांब, चिंचोळी पट्टी. रस्त्यावर उभे राहिलात, की डाव्या हाताला एक समुद्र आणि उजव्या हाताला दुसरा. यात्रेकरूंना सांगतात, की एक महोदधी आणि दुसरा रत्नाकर. तेथील तमिळ लोक उत्तरेकडच्या शांत पाण्याला 'बाईचा समुद्र' आणि दक्षिणेकडच्या खवळलेल्या पाण्याला 'पुरुषाचा समुद्र' म्हणतात. जूनमध्ये गेलात, तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. दक्षिणेला लाटा आदळत असतात आणि शे-दोनशे पावलांवर उत्तरेला पाणी ताटातल्यासारखे सपाट.

पोहायला नवखा माणूस कोठे उतरेल? अर्थात उत्तरेला. पतंग शिकायला आलेला नवखाही म्हणेल, "आपल्याला हेच पाणी बरे."

येथे थांबा आणि विचार करा. पाणी शांत का आहे?

वाऱ्याने उठणाऱ्या लाटेची उंची तीन गोष्टींवर ठरते. वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहत आहे, आणि उघड्या पाण्यावरून तो किती अंतर आला आहे. ह्या तिसऱ्या गोष्टीला 'वाऱ्याची धाव' म्हणू. दक्षिण किनाऱ्यावर नैर्ऋत्य वारा शेकडो किलोमीटर पाण्यावरून धावत येतो, म्हणून लाटा मोठ्या. तोच वारा वाळूची पट्टी ओलांडून उत्तरेच्या पाण्यावर पाय ठेवतो, तेव्हा त्याची धाव शून्य असते. काठाजवळ लाट तयारच व्हायची असते. पाल्कचा उपसागर उथळ आहे आणि तीन बाजूंनी आडोसा आहे, हेही खरे. पण काठावरच्या त्या आरशासारख्या पाण्याचे मुख्य कारण हेच, की वारा तुमच्या पाठीमागून येत आहे आणि समुद्राकडे जात आहे.

म्हणजे वारा तेथेही तेवढाच आहे. तो दिसत नाही, एवढेच. आणि मघाचे वाक्य आठवा: नवशिका नेहमी वाऱ्याबरोबर वाहत जातो. दक्षिण किनाऱ्यावर तो वाहत गेला, तर वाळूवर येऊन पडेल. खरचटेल, कदाचित जोरात आपटेल. उत्तर किनाऱ्यावर तो वाहत जाईल खुल्या समुद्रात. जितका दूर जाईल तितकी वाऱ्याची धाव वाढेल आणि तितक्या लाटाही वाढतील. काठावरून शांत दिसणारे पाणी किलोमीटरभर आत गेल्यावर शांत नसते. त्यातून ह्या समुद्रात भारत आणि श्रीलंका ह्यांच्यामधली आंतरराष्ट्रीय सागरी सीमा आहे, ती वेगळीच.

जानेवारीत याच जागी आलात, तर काय दिसेल? वारा ईशान्येचा. आता उत्तरेचे पाणी खवळलेले आणि दक्षिणेचा काठ शांत! समुद्राने स्वभाव बदलला नाही. वाऱ्याने दिशा बदलली. तेव्हा 'हा किनारा सुरक्षित, तो धोक्याचा' अशी कायमची यादी करता येत नाही. किनाऱ्याबरोबर वाऱ्याची दिशाही सांगावी लागते.

मग शिकायचे कोठे? सर्वांत चांगला वारा म्हणजे किनाऱ्याला समांतर, किंचित किनाऱ्याकडे कललेला. तो खेळाडूला किनाऱ्यालगत नेतो आणि चुकला, तर काठावर आणून सोडतो. किनारा जेथे वळण घेतो, तेथे असा कोन सापडतो. वाळूच्या दांड्यांनी अडवलेले कमरेएवढे पाणी हेही चांगले. जमिनीकडून समुद्राकडे वारा असेल, तर प्रशिक्षक आणि इंजिन चालू करून तयार असलेली होडी ह्यांच्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. चौकशी करताना प्रशिक्षण देणाऱ्यांना हा प्रश्न अवश्य विचारा: "त्या दिवशी वारा जमिनीकडून असला, तर तुम्ही काय करता?" ज्याच्याकडे ह्याचे सरळ उत्तर नाही, त्याच्याकडे शिकू नये, मग शुल्क कितीही कमी असो.

वारा मोजायचा कसा?

वाऱ्याचे नाव तो जिकडून येतो त्यावरून पडते. नैर्ऋत्य वारा म्हणजे नैर्ऋत्येकडून येणारा. सागरी प्रवाहाचे उलट असते, तो जिकडे जातो ती त्याची दिशा. अंदाजपत्रक वाचताना येथे गल्लत होते.

समुद्रावर वेग 'नॉट'मध्ये सांगतात. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. नॉटचा आकडा निम्मा केला, की सेकंदाला किती मीटर ते साधारण कळते: १६ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ८ मीटर. ह्या खेळाला साधारण १२ ते २५ नॉटचा वारा लागतो. नवशिक्याने १८ च्या पुढे जाऊ नये.

उपकरण नसले, तरी डोळे आहेत. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट ह्यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची एक श्रेणी बांधली, ती आजही वापरतात. समुद्रावर कोठे-कोठे पांढरा फेस दिसू लागला, तर श्रेणी ३, म्हणजे ७ ते १० नॉट. फेसाचे तुरे बऱ्यापैकी दिसले, जमिनीवर धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले, तर श्रेणी ४, ११ ते १६ नॉट. तुरे सगळीकडे, लहान झाडे डोलू लागली, तर श्रेणी ५, १७ ते २१ नॉट. तारा वाजू लागल्या आणि छत्री सावरेना, की श्रेणी ६. नवशिक्याने पतंग गुंडाळून ठेवावा.

पण सावध! फेस मोजायचा तो काठाजवळ नव्हे, दूरवर. वारा जमिनीकडून असेल, तर काठाजवळ फेस दिसणारच नाही. अशा वेळी पाण्याकडे न पाहता झाडांच्या शेंड्यांकडे, झेंड्याकडे किंवा हातात धरलेल्या रुमालाकडे पाहा. रुमाल समुद्राकडे फडफडत असेल, तर त्या शांत पाण्यावर विश्वास ठेवू नका.

वारा नसेल त्या दिवशी

आठ दिवसांच्या सहलीत दोन दिवस तरी वारा दगा देतो. ते दिवस आधीच दुसऱ्या खेळांसाठी राखून ठेवा. वल्ह्याची लहान होडी, उभे राहून वल्हवायची फळी, किंवा तोंडाला नळी आणि डोळ्यांना काच लावून पाण्याखालचे जग पाहणे. हे खेळ सकाळी करावेत, वारा उठण्याच्या आत. मन्नारच्या आखातातील २१ बेटे राष्ट्रीय सागरी उद्यानात मोडतात. त्या बेटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही. प्रवाळावर पाय देऊ नका. तो दगड दिसतो, पण सजीवांनी बांधलेला असतो.

वारा नाही म्हणजे लाटा नाहीत, असेही समजू नका. दक्षिण हिंदी महासागरात हजारो किलोमीटरांवर उठलेल्या लाटा काही दिवसांनी केरळ आणि दक्षिण तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळतात. तेव्हा किनाऱ्यावर आकाश निरभ्र असते. मल्याळी लोक ह्याला 'कल्लक्कडल', म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. मे २०२४ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात अशाच लाटांनी वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या पाच तरुणांचा बळी घेतला. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था अशा लाटांचे इशारे आधी देते आणि ते तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. भारतीय हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारेही रोज निघतात. ते दोन्ही पाहणे हा सकाळच्या चहाइतकाच नेमाचा भाग करा. समुद्रावर संकट आले, तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सर्वसाधारण मदतीचा ११२ हे सर्वांना पाठ असावेत.

रबरी चाकाचा हिशेब

तुम्ही म्हणाल, "सर, आम्ही रामेश्वरला कधी जाणार? आणि पतंग कोण देणार?" ठीक आहे. मग कोकणात चला. भूगोलात तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे शिकलात. दिवसा जमीन लवकर तापते, वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि तो पहाटेपर्यंत, कधी सकाळीही, वाहत असतो. सकाळी किनाऱ्यावर पाणी सपाट असते, मंडळी खुशीत असतात आणि कोणीतरी लहान मुलाला हवा भरलेल्या रबरी चाकात बसवून पाण्यात सोडते.

चाक हलके, त्याचा पाण्याबाहेरचा भाग मोठा. वारा त्याला शिडासारखा ढकलतो. समजा ते सेकंदाला १ मीटर वेगाने सरकू लागले. हा वेग म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाचा. शाळकरी मुलगा तलावात ५० मीटर अंतर एका मिनिटात पोहला, तर आपण त्याला चांगला पोहणारा म्हणतो. म्हणजे त्याचा वेग सेकंदाला सुमारे ०.८ मीटर. चाकाचा वेग १, पोहणाऱ्याचा ०.८. तो चाक कधी गाठील? कधीच नाही. प्रत्येक मिनिटाला अंतर १२ मीटरांनी वाढतच जाईल. दहा मिनिटांत चाक ६०० मीटर दूर, आणि पोहणारा दमून ४८० मीटर आत, हाताशी काही आधार नसलेला. आता बुडण्याचा धोका चाकातल्यापेक्षा त्यालाच अधिक!

म्हणून वाहून गेलेल्या चाकाच्या, चेंडूच्या किंवा चपलेच्या मागे पोहत जायचे नाही. चाकात माणूस असेल, तर लगेच आरडाओरडा करून होडी पाठवायची आणि नजर त्याच्यावरून हलवायची नाही. आपण स्वतःच वाहून जाऊ लागलो, तर तरंगणारी वस्तू सोडायची नाही, वाऱ्याविरुद्ध पोहून दमायचे नाही. तिला धरून राहायचे आणि हात हलवत मदत मागायची. पतंगवाल्यांचाही पहिला धडा हाच असतो. वारा आवरेना, तर कमरेजवळची कळ दाबून पतंगाची ओढ सोडवायची, पण फुगवलेला पतंग हातचा जाऊ द्यायचा नाही.

एक प्रयोग

पुढच्या रविवारी, वारा असेल त्या दिवशी, गावातल्या तळ्यावर किंवा धरणाच्या जलाशयावर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जा. पाण्यात उतरू नका. आधी वारा जिकडून येतो त्या काठावर उभे राहा आणि पाणी कसे दिसते ते वहीत लिहा. मग समोरच्या काठावर जा आणि पुन्हा लिहा. तळे एक, वारा एक, वेळही जवळजवळ एकच. पण दोन काठांवर दोन वेगळी पाणी दिसतील. पहिल्या काठावरून एक वाळलेले पान पाण्यावर सोडा आणि ते कोठे जाते ते पाहा.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गाच्या सहलीआधी करून घ्यावा. मग सहल रामेश्वरची असो, अलिबागची असो की गोव्याची, समुद्र दिसताच धावत सुटण्याआधी वर्गातला प्रत्येक जण खिशातून रुमाल काढील, हात उंच करील आणि क्षणभर पाहील, तो कोणत्या बाजूला फडफडतो आहे.